दोन चिन्हांमधील शब्द : इंग्रजी लेखनातील अवतरणचिन्हांविषयी

इंग्रजी लेखनात अवतरणचिन्ह हे एक प्रकारचे हमीपत्र आहे. ते उघडणारा लेखक वाचकाला सांगत असतो की, येथून पुढचे शब्द माझे नाहीत, दुसऱ्याचे आहेत. आणि ते जसे बोलले वा लिहिले गेले तसेच मी येथे ठेवले आहेत. चिन्ह बंद झाले की लेखक पुन्हा स्वतःच्या शब्दांची जबाबदारी घेतो. उघडणे आणि मिटणे या दोन क्षणांमध्ये जे काही घडते ते विश्वासावर चालते. म्हणूनच आम्ही इंग्रजीच्या वर्गात स्वल्पविरामाची चूक एखादे वेळी नजरेआड करतो, परंतु अवतरणचिन्हाची चूक करीत नाही. स्मरणिकेच्या पानांवर व्याकरणाचा धडा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तथापि या लहानशा चिन्हाशी परीक्षेतील गुणांखेरीज आणखी बऱ्याच गोष्टी निगडित आहेत, हे माजी विद्यार्थ्यांना व पालकांनाही पुढील विवेचनावरून पटेल अशी आशा आहे.

दुसऱ्याचे शब्द वेगळे राखण्याची काळजी आपल्या परंपरेला नवी नाही. नवे आहे ते फक्त चिन्ह. पाली भाषेत कोणाचेही बोलणे संपले की त्याच्या शेवटी 'इति' किंवा त्याचे संक्षिप्त रूप 'ति' येते. त्याच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. 'गच्छामि' या शब्दाला 'ति' लागला की 'गच्छामीति' होते. आमच्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाने रोजच्या बुद्धवंदनेत 'भगवा' या शब्दाला जोडून येणारा 'ति' शेकडो वेळा उच्चारला आहे. तो शब्दाचा भाग नव्हे. येथे उद्धृत बोलणे संपले, अशी ती खूण आहे. इंग्रजीत बोलणे उघडताना एक व मिटताना एक अशी दोन चिन्हे लागतात. पालीत मिटण्याची खूण तेवढी नेमाने येते. बोलण्यात आणखी कोणाचे बोलणे आले तर 'ति'वर 'ति' येतो. लेखन नव्हते, पाठांतर होते, त्या काळात कानाने ऐकू येणारे हे अवतरणचिन्हच होते.

सुत्तांचा आरंभ 'मी असे ऐकले आहे' या अर्थाच्या शब्दांनी होतो आणि परंपरा ते शब्द भदंत आनंदांचे मानते. सांगणारा स्वतःला श्रोता म्हणवतो, यात मोठी सावधगिरी आहे. सम्राट अशोकाच्या अनेक लेखांचा प्रारंभही 'देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा असे म्हणतो' अशा अर्थाच्या शब्दांनी होतो. असे लेख आपल्या सोपाऱ्याला आणि शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती येथेही सापडले आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या आठवणी संकलित करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले, तेव्हा त्यानेही सर्वज्ञांचे बोलणे कोठे सुरू होते हे पुन्हा पुन्हा सांगण्याचा शिरस्ता पाळला. संतांच्या अभंगाच्या अखेरीस येणारी 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' ही मुद्रा त्याच जातीची. (ही मुद्रा लावून पुढे कितीतरी परके अभंग संतांच्या नावावर खपविले गेले, ही गोष्ट निराळी. हमीपत्र जितके मोलाचे तितका त्याचा बनाव करण्याचा मोह मोठा.)

मोडी दफ्तरांत मात्र विरामचिन्हे नव्हती, शब्दाशब्दांत अंतरही नव्हते. आज आपण मराठीत जी विरामचिन्हे वापरतो ती इंग्रजीच्या संपर्कातून आली आणि ती रुजविण्याचे श्रेय मुख्यतः मेजर टॉमस कँडी यांच्याकडे जाते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते सहभागी होते. १८४७ साली त्यांचा स्वतःचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. इंग्रजीतही ही चिन्हे फार प्राचीन नाहीत. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत लक्षणीय मजकुराशेजारी समासात बाणाच्या टोकासारखी एक खूण करीत. तिच्यापासून छपाईतील ही चिन्हे हळूहळू घडत गेली. १६११ साली छापलेल्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलात अवतरणचिन्हे नाहीत. अठराव्या शतकात कादंबऱ्या वाढल्या, पात्रे बोलू लागली आणि कोण कोणाशी काय बोलते हे वाचकाला चटकन कळणे गरजेचे झाले; तेव्हा ही चिन्हे आजच्या रूपात स्थिरावत गेली.

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. निलंगा तालुक्यातील विद्यार्थी हुशार असूनही अवतरणचिन्हांत का अडखळतो? आमच्या मते त्याचे कारण अज्ञान नव्हे, तर मातृभाषेचे ज्ञान आहे. तो आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळतो आणि म्हणून इंग्रजीत चुकतो.

मराठीत आपण म्हणतो, "आई म्हणाली की मी उद्या येते." यातला 'मी' कोण? बोलणारा नव्हे; आई. म्हणजे 'की' लावल्यानंतरही आईचे शब्द जसेच्या तसे राहिले. पुरुष बदलला नाही, काळ बदलला नाही. इंग्रजीत हे चालत नाही. तेथे दोनच वाटा आहेत. एक तर आईचे शब्द जसेच्या तसे चिन्हांत ठेवावयाचे :

मदर सेड, "आय विल कम टुमॉरो."

किंवा आशय आपल्या शब्दांत सांगावयाचा. मग 'दॅट' येतो, चिन्हे जातात, 'आय'चा 'शी' होतो, 'विल'चा 'वुड' होतो आणि 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे' होतो :

मदर सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.

आमचा विद्यार्थी मराठीच्या वाटेने चालत या दोन वाटांच्या मधल्या बांधावर उभा राहतो आणि लिहितो : मदर सेड दॅट, "आय विल कम टुमॉरो." येथे 'दॅट'ही आहे आणि चिन्हेही आहेत. 'दॅट' म्हणतो, हे मी माझ्या शब्दांत सांगतो आहे. चिन्हे म्हणतात, हे आईचेच शब्द आहेत. एकाच वाक्यात दोन परस्परविरोधी हमी दिल्या गेल्या. परीक्षक लाल रेघ मारतो, पण रेघ का मारली हे सांगत नाही. आणि 'मराठीत तर असेच म्हणतात' हा विद्यार्थ्याचा मनातील प्रश्न मनातच राहतो. आम्ही हा दोष समजावताना प्रथम मराठी वाक्यच फळ्यावर लिहितो, 'मी'खाली रेघ ओढतो आणि हा 'मी' कोण, असे विचारतो. उत्तर आपोआप मुलांकडून येते आणि पुढचे काम निम्म्याने हलके होते.

आपल्या भागातील बोलीत आणखी एक गोष्ट आहे. "उद्या येतो म्हणून म्हणला" असे आपण सहज बोलतो. येथे 'म्हणून' हा शब्द बोलण्याच्या शेवटी येऊन ते बंद करतो. पालीतला 'ति' जे काम करतो तेच. औराद शहाजानी, कासार शिरसी या बाजारगावी मराठीच्या जोडीने कानडीही कानावर पडते. त्या भाषेतील 'अंत' हेच करते. नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे तेलुगूतील 'अनि'चे कामही असेच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निलंगा हा बीदर जिल्ह्याचा भाग होता, हे लक्षात घेतले म्हणजे तीन-चार भाषांच्या शेजारात वाढलेल्या या बोलीचे वळण ध्यानात येते. बोलणे आधी आणि 'म्हणला' मागून, ही आपल्या कानाची सवय. इंग्रजीतही बोलणारा शेवटी येऊ शकतो, परंतु मग आधीच्या वाक्याचा पूर्णविराम जाऊन तेथे स्वल्पविराम येतो आणि तो चिन्हाच्या आत बसतो : "आय विल कम टुमॉरो," शी सेड. विद्यार्थी येथे पूर्णविराम देऊन मोकळा होतो आणि 'शी सेड' हे दोन शब्द अनाथासारखे बाहेर उभे राहतात.

'म्हणे'ची कथा याहून सूक्ष्म आहे. "तो पास झाला म्हणे" यात आपण बातमी देतो, पण तिची हमी घेत नाही. कानडीतील 'अंते'ही असेच हात झटकते. इंग्रजीत या 'म्हणे'ला एक शब्द जोडीदार नाही. 'आय हिअर', 'इट इज सेड', 'रिपोर्टेडली' असे काही तरी लिहावे लागते. काही विद्यार्थी ही उणीव अवतरणचिन्हांनी भरून काढू पाहतात. ऐकीव गोष्टीला चिन्हे लावणे हा मात्र उलटा कारभार झाला. जिची हमी घ्यावयाची नाही तिलाच आपण हमीपत्र जोडले.

चिन्हांच्या मांडणीचे नियम फार नाहीत. सांगण्याच्या क्रियापदानंतर स्वल्पविराम द्यावा आणि उद्धृत वाक्याचे पहिले अक्षर मोठे लिहावे. बोलणे मध्येच तोडून 'शी सेड' घातले व वाक्य पुढे चालू राहिले, तर दुसऱ्या तुकड्याचे पहिले अक्षर लहानच राहते : "आय विल कम," शी सेड, "इफ इट डज नॉट रेन." प्रश्नचिन्ह ज्याचा प्रश्न त्याच्याबरोबर जाते. प्रश्न बोलणाऱ्याचा असेल तर ते आत : ही आस्क्ड, "व्हेअर इज द बस?" प्रश्न आपला असेल तर बाहेर : डिड शी से, "आय विल कम"? संवादात बोलणारा बदलला की परिच्छेद बदलावा. एकाचेच भाषण अनेक परिच्छेद चालले तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडावे, पण मिटावे मात्र अगदी शेवटच्या परिच्छेदाच्या अखेरीस. हा नियम प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो. उतारा बराच मोठा असेल तर तो समास सोडून स्वतंत्र परिच्छेदात लिहितात. मग चिन्हांची गरज नसते, कारण समासच चिन्हाचे काम करतो.

एकेरी की दुहेरी, यावर शिक्षकांतही वाद होतात. इंग्लंडमधील अनेक प्रकाशक प्रथम एकेरी आणि आतील उद्धरणास दुहेरी वापरतात. अमेरिकेत याच्या उलट. पूर्णविराम व स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीत नेहमी आत जातात. ब्रिटिश पद्धतीत ते मूळ उद्धरणाचे असतील तरच आत, एरवी बाहेर. मुलाने इंग्रजी वृत्तपत्र वाचले, मग अमेरिकेत छापलेले पुस्तक वाचले आणि गोंधळला, तर दोष त्याचा नाही. आम्ही विद्यार्थ्यांना दुहेरी चिन्हेच शिकवितो. हस्ताक्षरात एकेरी मिटणारे चिन्ह आणि 'डोन्ट', 'कान्ट' अशा शब्दांतील ॲपॉस्ट्रॉफी हुबेहूब सारखी दिसतात, हे त्याचे साधे कारण. एका लेखात एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी, एवढा आग्रह पुरे. पुस्तकाचे नाव हाताने लिहिताना अधोरेखित करावे, छापताना तिरप्या अक्षरांत द्यावे. पुस्तकातील एखादा लेख, कविता वा प्रकरण यांच्या नावास मात्र अवतरणचिन्हे द्यावीत.

आता एका सार्वत्रिक दोषाकडे वळतो. मराठी शालेय व्याकरणात आपण शिकतो की, एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा असता एकेरी अवतरणचिन्ह वापरावे. मराठीपुरता हा नियम बरोबर आहे. तोच विद्यार्थी इंग्रजी अर्ज लिहू लागला की 'सिन्सिअर' आणि 'ऑनेस्ट' हे शब्द चिन्हांत घालतो, कारण त्याला आपला प्रामाणिकपणा ठळकपणे मांडावयाचा असतो. इंग्रजी वाचकाला त्याचा अर्थ नेमका उलटा लागतो. इंग्रजीत वाक्यातील एखाद्याच विशेषणास चिन्हे लागली की ती 'तथाकथित' या अर्थाची होतात : लोक असे म्हणतात, मला तसे वाटत नाही. 'आय ॲम अ्‍न "ऑनेस्ट" वर्कर' या वाक्याचा अर्थ, मी प्रामाणिक कामगार आहे असे म्हणतात खरे, असा काहीसा होतो. आपल्या बाजारपेठेत इंग्रजी पाट्यांवर "प्युअर" तूप आणि "फ्रेश" दूध असे चिन्हांसकट लिहिलेले असते; दुकानदाराचा हेतू शुद्ध असतो, पाटी मात्र तुपावर संशय घेते. पाटीवर हसून पुढे जाता येते. नोकरीच्या अर्जात वाचणारा हसतो आणि अर्ज बाजूला ठेवतो, आणि अर्जदाराला कारण कधीच कळत नाही. ज्या घरातील पहिलाच मुलगा वा मुलगी इंग्रजीत अर्ज लिहिते, तेथे ते तपासून देणारेही कोणी नसते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, धाकट्या भावंडांचे अर्ज पाहताना विशेषणांभोवतीची चिन्हे आधी पुसावीत. इंग्रजीत जोर द्यावयाचा तर तो शब्दाच्या जागेने द्यावा; छापील मजकुरात तिरप्या अक्षरांची सोय आहेच.

यापुढील भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवशी आमची मुले इंग्रजीत भाषणे करतात आणि त्यांत परमपूज्य बाबासाहेबांची वचने चिन्हांत देतात. यांपैकी पुष्कळशी वचने कॅलेंडरवरून, फलकांवरून आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रांवरून घेतलेली असतात. सर्वांना मुखोद्गत असलेले उदाहरण घेऊ. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही घोषणा आपण लहानपणापासून देत आलो. विद्यार्थी तिचे स्वतः इंग्रजी भाषांतर करतो, 'लर्न, ऑर्गनाइझ, स्ट्रगल' असे लिहितो आणि चिन्हे लावून बाबासाहेबांच्या नावे देतो. परंतु जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत बोलले, तेव्हा त्यांचा क्रम 'एज्युकेट', 'ॲजिटेट', 'ऑर्गनाइझ' असा होता. शिक्षणानंतर चेतविणे, आणि संघटन शेवटी. 'ॲजिटेट' या शब्दात ढवळून काढणे, विचारांना चालना देणे हीही छटा आहे. ती 'संघर्षा'त पुरती उतरत नाही. मराठी घोषणा चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. ती चळवळीतून घडली, तिच्यामागे लोकांचा इतिहास आहे, आणि मराठीत ती घोषणा म्हणूनच दिली जाते. परंतु तिचे उलट भाषांतर करून त्यास इंग्रजी अवतरणचिन्हे लावली की आपण बाबासाहेबांच्या तोंडी जे शब्द घालतो ते त्यांचे नसतात. आणि मूळ शब्द इंग्रजीतच उपलब्ध असताना असे करणे तर सर्वस्वी अनावश्यक आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड आज सहज पाहता येतात. वचन तेथे सापडले तर चिन्हे व पृष्ठक्रमांक द्यावा. सापडले नाही तर 'बाबासाहेबांचा विचार असा होता' असे म्हणून आपल्या शब्दांत सांगावे. भाषणाचा प्रभाव त्याने कमी होत नाही. मराठी भाषणाचे इंग्रजी भाषांतर चिन्हांत द्यावयाचे झाल्यास ते भाषांतर आहे आणि कोणी केले, एवढे नमूद करावे.

याबाबत खुद्द बाबासाहेबांचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवावा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील मजकुरावर आक्षेप घेतला, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी १९३६ साली ते भाषण स्वखर्चाने छापले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या त्या पुस्तकाच्या आरंभी त्यांनी मंडळाशी झालेला पत्रव्यवहार छापला. आपली पत्रे तशीच समोरच्यांचीही. पुढे गांधीजींनी 'हरिजन'मधून या भाषणावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका परिशिष्टात छापली आणि मग तिला उत्तर दिले. प्रतिपक्षाचे दोन सोयीचे शब्द उचलून त्यांवर प्रहार करणे सोपे होते. त्यांनी वाचकाच्या हाती दोन्ही बाजूंचे शब्द दिले. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू दि अनटचेबल्स' या ग्रंथातही मूळ कागदपत्रांची अशीच रेलचेल आहे. याउलट 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेला ग्रंथ धर्मग्रंथाच्या धाटणीने, क्रमांकित वचनांत लिहिलेला असून त्यात पानोपानी संदर्भ नाहीत. मूळ पालीतील कोणते आणि बाबासाहेबांचे विवेचन कोणते, असा प्रश्न त्यामुळे अभ्यासकांनी उपस्थित केला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना मूळ संदर्भ शोधून देण्याचे मोठे काम केले. इंग्रजी निबंधात या ग्रंथातील वाक्य उद्धृत करताना 'बुद्ध म्हणाले' असे लिहिण्याऐवजी 'बाबासाहेबांनी या ग्रंथात लिहिले आहे' असे लिहावे, म्हणजे दोघांचेही शब्द आपापल्या जागी राहतात.

तथागतांच्या वचनांचीही आज तीच गत आहे. रम्य चित्राखाली गोड इंग्रजी वाक्य आणि शेवटी 'बुद्ध'. ग्रंथ नाही, सुत्त नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने याचा विचार करून ठेवला आहे. महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. कोणी म्हणाला की, मी हे भगवंतांच्या तोंडून ऐकले, तर लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. ते शब्द नीट समजून घेऊन सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावेत, असा त्यांचा आशय आहे. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात तर, तथागत जे बोलले नाहीत ते बोलले असे सांगणारा आणि जे बोलले ते बोलले नाहीत असे सांगणारा, या दोघांनाही निंदक म्हटले आहे.

शब्द खरे असूनही अर्थ खोटा करता येतो, तो कापाकापीने. मधला मजकूर गाळला तर इंग्रजीत तीन टिंबे द्यावयाची आणि आपण एखादा शब्द घातला तर तो चौकटी कंसात ठेवावयाचा. ही सोय आहे, सवलत नव्हे. कालाम सुत्ताचे उदाहरण सर्वज्ञात आहे. परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्या केवळ अधिकारावर विसंबू नका, एवढा अर्धा भाग सगळेच उद्धृत करतात. हे अकुशल आहे, सुज्ञांनी निंदिलेले आहे, दुःखाकडे नेणारे आहे असे स्वतः जाणल्यावर ते सोडा आणि कुशल जाणल्यावर ते आचरा, हा दुसरा अर्धा भाग तीन टिंबांत नाहीसा होतो. उरते ते 'कशावरच विश्वास ठेवू नका' असे एक सुटसुटीत वाक्य, जे त्या सुत्ताचे सार नाही.

उच्च शिक्षण घेणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक बाब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतर प्रकाशित लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेयनिर्देशासह उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो. म्हणजे तोच परिच्छेद चिन्हे व संदर्भ देऊन घेतला तर अभ्यास ठरतो आणि न देता घेतला तर चोरी. बहुतेक विद्यार्थी चोरीच्या हेतूने असे करीत नाहीत. टिपणे काढताना चिन्हे न लावल्याने वर्षभरानंतर वहीतील कोणते वाक्य आपले व कोणते पुस्तकातले हे त्यांनाच ओळखू येत नाही. त्यासाठी टिपणाच्या वहीतच, पहिल्याच दिवशी, चिन्हे व पृष्ठक्रमांक लिहावा.

शेवटी, शाळेच्या भिंतीबाहेरचा एक प्रसंग, जो आपल्या समाजाला टाळता आलेला नाही. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातिवाचक शिवीगाळ करणे व हेतुपुरस्सर अपमानित करणे हा गुन्हा आहे. अशा प्रकरणात कोण, कोठे, कोणासमोर आणि नेमके काय बोलले, यावर बरेच काही अवलंबून असते. तक्रारदार गावी बोलतो तसे सांगतो, "तो मला लई वाईट बोलला, जातीवरून बोलला." लिहिणाराही तेच लिहितो : 'जातीवरून शिवीगाळ केली.' हे अप्रत्यक्ष कथन झाले. उच्चारलेला शब्द त्यात कोठेच नाही आणि पुढे साक्षीच्या वेळी, शब्द कोणता होता, हाच प्रश्न येतो. तो शब्द लिहावयास जीभ व हात कचरतात हे आम्ही जाणतो. ज्याने तो ऐकला त्याने पुन्हा उच्चारणे ही दुसरी यातना असते. तरीही तक्रारीत तो जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत, लिहिला जावा. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्यास कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर होते. त्या वेळी मूळ मराठी शब्द तसाच ठेवून, चिन्हांत घालून, त्याचा अर्थ वेगळा द्यावा असा आग्रह वकिलांकडे धरता येतो. केवळ 'अब्यूज्ड हिम बाय कास्ट' असे भाषांतर राहिले तर न्यायाधीशांसमोर तो शब्द पोहोचतच नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखविणे आवश्यक आहे, त्यानंतर त्याची सही घेतली जाते, आणि त्याची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ज्या घरात आमचे विद्यार्थी आहेत त्यांनी अशा वेळी आई-वडिलांसोबत किंवा शेजाऱ्यासोबत ठाण्यात जावे, वाचून दाखविलेला मजकूर कान देऊन ऐकावा आणि बोललेले शब्द त्यात शब्दशः आलेले नसतील तर सही होण्यापूर्वी ते घालून घेण्यास सांगावे.